वळणावरचा सैल धागा

(भर दुपार. रफूचं दुकान. आत्या स्टुलावर बसलेली, शेजारचा शिंपी फोन धरून उभा, भाची नुकतीच आत आलेली.)

आत्या: पाणी नंतर पी. आधी हे वाच. मास्तर, द्या तिच्या हातात तो फोन.

भाची: आत्या, मला माहितीये त्यात काय आहे ते.

आत्या: तुला माहितीये, मास्तरांना माहितीये, चार हजार लोकांना माहितीये. हात माझे, आणि बातमी मलाच सगळ्यांच्या शेवटी! वाच. मोठ्यानं वाच.

भाची: ‘वस्त्रशास्त्र विभाग. गुरुवारचा सवाल : चूक ओळखा. या व्हिडिओत रफू करताना कोणती ढोबळ चूक झाली आहे? अचूक उत्तर देणाऱ्याचं नाव विभागाच्या पानावर झळकेल.’

आत्या: आणि खाली?

भाची: खाली उत्तर आहे.

आत्या: तेही वाच की. जीभ का अडखळली?

भाची: ‘उत्तर : प्रत्येक ओळीच्या वळणावर धागा सैल सोडला आहे. न शिकलेल्या कारागिरांमध्ये ही चूक सर्रास आढळते.’

आत्या: सर्रास. चांगला शब्द आहे. कुत्रीमांजरं सर्रास आढळतात, तशी मी.

शिंपी: पण चेहरा नाही हं दाखवलेला, ताई. नुसते हातच आहेत.

आत्या: तेच म्हणते मी. मुंडकं छाटलं आणि हात तेवढे चव्हाट्यावर टांगले. हे वाकडं बोट या गल्लीत कोण ओळखत नाही? तुम्ही ओळखलंत की नाही?

शिंपी: मी तर लगेच ओळखलं.

आत्या: आणि मग काय केलंत?

शिंपी: मी आपला... अंगठा दाबला.

आत्या: कसला अंगठा?

शिंपी: आवडलं म्हणून दाबतात तो. सवयीनं हो! पोरीच्या विभागाचं काही आलं की मी दाबतोच. वाचलं मागाहून.

आत्या: तीस वर्षं भिंतीला भिंत लावून बसलोय आपण, आणि माझ्या गळ्यावर पहिला अंगठा तुमचाच! बसा तिकडे. आणि तू, बोल. त्या वकीलबाई सकाळी शाल न्यायला आल्या. आजवर माझं काम कधी उलटं करून बघितलं नव्हतं त्यांनी. आज उजेडात नेऊन बघितलं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्यानं सहा कोट दिले होते, तो हात न लावलेले तसेच परत घेऊन गेला. म्हणाला, घाई नाही. घाई नसलेला लाँड्रीवाला मी जन्मात पाहिला नाही.

भाची: मला असं होईल असं वाटलं नव्हतं गं. आमच्या कॉलेजच्या विभागाचं ते फोनवरचं पान मी बघते ना. सोमवारी फोटो, गुरुवारी सवाल, शनिवारी माजी विद्यार्थी, सगळं मीच टाकते. त्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी व्हिडिओ द्यायचा होता. चार वाजता टाकायचा असतो, आणि पावणेचारला त्या म्हणाल्या, झालाच नाही. माझ्या फोनमध्ये तुझा होता.

आत्या: माझा तू कशाला काढला होतास?

भाची: असाच. आठवण म्हणून.

आत्या: ‘आत्या, जरा हात उजेडात धर, मला जपून ठेवायचंय,’ असं म्हणाली होतीस. मी वेडी. नवं अंगुस्तान घातलं बोटात. जुनं फोनमध्ये गंजकं दिसेल म्हणून.

भाची: मॅडमनी बघितला आणि म्हणाल्या, अरे वा, यात चूक छान स्पष्ट दिसतेय. विभागप्रमुख त्या. मी नको कसं म्हणणार?

आत्या: तोंडानं. बाकीचे म्हणतात तसं.

शिंपी: जाऊ द्या ताई. कागदी शिक्षण ते. त्यांना काय कळणार धागा का सैल सोडतात.

आत्या: त्यांना नाही कळणार, ते मला मान्य आहे. त्यांनी कधी नवी लोकर जुन्या कापडात घातली आहे? नवा धागा पाण्यात आखडतो. वळणावर तिळाएवढा सैल सोडला, तर पहिल्या धुण्यात तेवढाच आत ओढला जातो आणि कापड सपाट राहतं. ताणून घेतला तर दिसतो झकास, आणि धुतल्यावर भोवती चुण्याच चुण्या. ही माझ्या आईची शिकवण. मी हिलाही शिकवली. पण मी मघापासून मनाशी म्हणतेय, पोर तेव्हा सहा-सात वर्षांची होती. आई गेलेली, बाप परगावी, दिवसभर या काउंटरखाली चिंध्यांशी खेळायची. कुठून लक्षात राहणार तिला? विसरली असेल. पुस्तकांच्या ढिगाखाली दबून गेलं असेल. होय की नाही गं? विसरलीस ना?

भाची: आत्या, मी आधी पाणी पिते.

आत्या: नुसतं हो म्हण. माझं तेवढ्यावर भागेल.

शिंपी: थांबा, थांबा. ताई, हे बघा, एक बाई तुमच्या बाजूनं बोललीय इथे! खाली लोकांची उत्तरं आहेत ना, त्यात. वाचू?

भाची: मास्तरकाका, राहू दे ते.

आत्या: वाचा.

शिंपी: ‘धागा मुद्दाम सैल ठेवला असेल का? माझी आई असंच करायची. धुतल्यावर कापड आखडू नये म्हणून.’ बघा! आहेत जाणती माणसं. आणि खाली विभागानं लगेच...

आत्या: काय, विभागानं काय?

शिंपी: काही नाही. फोन अडकला वाटतं.

आत्या: मास्तर, तुमचा फोन अडकला की तुम्ही तो आपटता. काय म्हटलंय विभागानं?

शिंपी: ‘आपल्या उत्तराबद्दल आभार. मात्र तसं नाही. ही नवशिक्या हाताची चूक आहे.’

आत्या: विभागाला हात असतात का गं?

भाची: आत्या...

आत्या: नाही, मला कळत नाही म्हणून विचारते. विभाग म्हणजे इमारत, खुर्च्या, कपाटं. त्यातलं कोण टाइप करतं? ही ओळ कुठल्या बोटांनी लिहिली?

भाची: मी लिहिली.

आत्या: मॅडम शेजारी उभ्या होत्या?

भाची: नाही. घरी होते मी. आपल्या घरी. तू आत भाकऱ्या...

आत्या: पुढे बोलू नकोस.

भाची: ऐक तरी. उत्तर आधीच जाहीर झालं होतं. एकदा जाहीर झालं की पान मागे घ्यायचं नाही, तसा नियमच आहे आमच्याकडे. पान चुकलं म्हणजे विभाग चुकला, असं होतं. कॉलेजची तपासणी समिती तेसुद्धा बघते, किती लोक आले, किती बोलले, काय बोलले. आणि सोमवारी माझी मुलाखत आहे. पाच वर्षं शिकवतेय, दरवर्षी नवा कागद, नवी सही. या वेळी कायमची जागा आहे. मॅडमचं उत्तर खोटं पाडून मी त्यांच्यासमोर कशी बसू?

आत्या: म्हणजे विसरली नव्हतीस.

भाची: नाही.

आत्या: लिहिताना ठाऊक होतं.

भाची: हो.

आत्या: बरं झालं सांगितलंस. मी उगाच मॅडमना शिव्या घालत होते. ती बाई बिचारी अडाणी निघाली. शहाणी होती ती माझ्याच घरात जेवत होती.

शिंपी: ताई, आपलेच दात, आपलेच ओठ...

आत्या: दातांनी मापात राहावं, मास्तर.

भाची: मी काढून टाकते. आत्ता, तुझ्यासमोर. एका बोटाचं काम आहे.

आत्या: आणि चार हजार डोळ्यांतनं कसं काढणार? पुसू नकोस. पुसलं की लोक म्हणतील, खरंच चूक होती, लाजून लपवली. तो व्हिडिओतला तुकडा मी धुऊन ठेवलाय. तुझ्या हाताशी, निळा. घे. हात फिरव त्याच्यावरून. कुठे लागतोय रफू?

भाची: नाही लागत.

आत्या: मग काढ त्याचा फोटो आणि टाक. लिही, आमचं उत्तर चुकलं. माझं नाव नको, गाव नको, कौतुक तर नकोच. ‘हात नवशिक्याचा नव्हता’, एवढं लिही. दुसरं काही मागत नाही मी.

भाची: टाकते. शपथ. फक्त सोमवार होऊ दे.

आत्या: सोमवारपर्यंत मी काय करू? दुकानाला पडदा लावू?

भाची: चार दिवसांचा तर प्रश्न आहे!

आत्या: आणि मंगळवारी म्हणशील, नुकतीच जागा मिळालीय, महिनाभर थांब. मग म्हणशील, आता कोण आठवतंय. मी तुला वाढवलंय, पोरी. तुझी पुढची तीन वाक्यं मला पाठ आहेत.

भाची: तुला माझी अडचण दिसतच नाही का? ही जागा गेली तर पुन्हा नाही. तूच म्हणायचीस ना, कायमची हो, कुणाच्या हाताखाली राहू नकोस?

आत्या: म्हणायचे. माझ्या हातांवर पाय देऊन चढ, असं नव्हतं म्हटलं.

शिंपी: दोघींचंही खरं आहे.

आत्या: मास्तर, तुमचा अंगठा खिशात ठेवा. दोन्ही बाजूंना दाबायचा नसतो तो. आणि त्या पिशवीत काय आहे गं? मघापासून छातीशी धरून उभी आहेस.

भाची: काही नाही. राहू दे.

आत्या: दाखव.

भाची: कोट आहे. सोमवारी घालायचा. कोपरावर खिळा लागून फाटलाय. मी सकाळी घरातून निघाले तेव्हा ठाऊक नव्हतं, तुला हे कळलंय ते.

आत्या: आण इकडे. हं. कापड चांगलं आहे. फाटलंय आडवं, धागे शाबूत आहेत. उजेडात धर जरा.

भाची: करशील?

आत्या: दुकान आहे माझं. आलेलं काम मी परत पाठवत नाही. परत नेतो तो लाँड्रीवाला.

भाची: आत्या, मला खरंच...

आत्या: एकच सांग. कसं करू? वळणावर सैल, की तुमच्या पानावर लिहिलंय तसं ताणून?

भाची: तुझ्यासारखं.

आत्या: मुलाखत घेणारे उलटं करून बघतील एखाद वेळेस.

भाची: तुझ्यासारखंच कर गं.

आत्या: ठीक. उद्या अकरानंतर तयार असेल. मास्तर, मला लिहिता येत नाही, हे आता सगळ्या जगाला कळलंच आहे. एक चिठ्ठी लिहून द्या, कोटाला टाचायला.

शिंपी: घरच्या कपड्याला कसली चिठ्ठी, ताई? आजवर कधी लावली नाही.

आत्या: लिहा. काळा कोट, उजवं कोपर, उद्या अकरा.

शिंपी: लिहिलं. आणि नाव?

आत्या: मला काय विचारता? त्या समोर उभ्या आहेत, त्यांना विचारा.