कठड्यावरची पिवळी चादर

— नाही नाही, दोन्ही डोळे नाही उघडे ठेवायचे, ताई. एक मिटा. डावा. मिटत नाही? मग हाताने झाका, त्यात लाजायचं काय, मोठमोठे साहेब झाकतात. हां. आधी नुसतं पांढरं दिसतं, मग हळूच सगळं पुढे येतं — दिसला ना धबधबा? बरोबर त्याच्यावरच लावून ठेवलीय दुर्बीण. पाहून घ्या नीट, पंधरा दिवसांनी कड्यावर नुसता काळा ओघळ उरेल. आणि त्याच्या खालचं गवत — तांबूस दिसतंय का? शेंडे तेवढे? मग झालं, हवा पालटली. पुढच्या महिन्यात तो उतार सगळा तांबडा होईल, मग थंडीत सकाळी दरीच्या तळाला धुकं आणि वर लख्ख ऊन — तेव्हा या तुम्ही. उन्हाळ्यात नका येऊ. उन्हाळ्यात सगळं धुरकट, आणि लोक मला म्हणतात भिंग पुसा. भिंग पुसेन हो, हवा कशी पुसू?

आणि पावसाचे चार महिने तर दुकान बंदच. ढग असा येऊन बसतो दरीत की स्वतःचा हात दिसत नाही. आज पहाटे वारा सुटला आणि उघडलं सगळं — तुम्ही पहिलंच गिऱ्हाईक, म्हणून म्हणतो, सावकाश पाहा. मी? मी नाही पाहत आता. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणतो काढून टाका, करू की, घाई काय आहे? अडतीस वर्षं हेच दाखवतोय लोकांना, पाठ आहे मला. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, त्या म्हणीवर घर चाललं आमचं.

काय? ती होय, ती आमचीच चादर. कठड्यावर टाकलीय ती पिवळी ना? बायकोचा हुकूम. — नाही, घरात नाहीये ती. गेली. पाच आठवडे झाले. — असू दे, असू दे, तुम्ही पाहा. तशी धडधाकट होती हो, साधा खोकला म्हणता म्हणता छातीत उतरला, आणि नेमकी खाली रस्त्यावर दरड आलेली, दोन दिवस गाडी वर येईना. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. मी शेक देतोय, काढा करतोय, आणि ही काय सांगते मला? ‘धुकं उघडलं की पिवळी चादर कठड्यावर टाका. पहिल्याच दिवशी. विसराल.’ एकदा नाही, दहादा. शेवटी मी ओरडलो — म्हटलं, तुझा इथं जीव चाललाय आणि तुला अंथरुणं वाळवायची पडलीत! — असं बोललो मी. जिभेला हाड नसतं. मग ती गप्प झाली, ती झालीच. तर आज वारा सुटल्याबरोबर आधी चादर टाकली, मग दुर्बीण बाहेर काढली. म्हटलं, एक तरी गोष्ट तिच्या सांगण्याप्रमाणे करू.

सरकवा, सरकवा, मोडत नाही ती. उजवीकडे सुळका लागेल, त्याच्या टोकावर — अहो, एवढ्या लांब नको, मागे या. तिकडे काही नाही पाहण्यासारखं. निळा पत्रा? गोदाम आहे ते कुणाचं तरी. — अंगण आहे? असेल. गोदामाला नसतं का अंगण? — काय? काय वाळत घातलंय? परत सांगा. पिवळं? नीट पाहा हं, गवत असेल. — चादर. दोरीवर. आमच्या बाजूला पसरून.

थांबा. दुर्बीण हलवू नका, तिथंच राहू द्या.

मुलगी राहते तिथं माझी. गोदाम-बिदाम काही नाही. एकुलती एक. नऊ वर्षांपूर्वी या रस्त्याचं काम निघालं होतं, त्यावरच्या ट्रकवाल्याशी लग्न करून आली. चांगला होता, वाईट होता, मला काय ठाऊक, मी बोललोच नाही त्याच्याशी. दारात उभी होती दोघं, म्हटलं, पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही. आणि बायकोला म्हटलं, तू दरी ओलांडलीस तर परत येऊ नकोस. शब्द पाळला बरं का मी! लोकांना पलीकडचा डोंगर झाडन् झाड दाखवायचा आणि त्या निळ्या पत्र्यावरून दुर्बीण झपकन पुढे न्यायची — डोळे चांगले होते तेव्हासुद्धा. ही रडली नाही, भांडली नाही, चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, चला, पटलं हिला. रोज माझ्या आधी उठून भिंग पुसायला बाहेर यायची, अर्धा अर्धा तास, मी आतून ओरडायचो, अगं झिजेल ते! आणि ढग उघडला की पहिल्या दिवशी ही चादर कठड्यावर. दर वर्षी. ‘दमट वास येतो हो,’ म्हणायची. आणि तिकडून तिची. कधी ठरवलं, कुणाच्या हाती निरोप धाडला, कोण जाणे — नऊ वर्षं दोघी माझ्या नाकासमोर बोलत होत्या, ‘मी बरी आहे गं,’ ‘मीही बरी आहे, आई,’ आणि मला वाटायचं अंथरूण वाळतंय.

शेजारी म्हणाले होते, पोरीला निरोप धाडतो. मी नको म्हटलं. म्हटलं, नऊ वर्षांत आई आठवली नाही तिला, आता कशाला? — हो. हेच बोललो. बायकोला बाहेर अंगणात निजवलेलं असताना बोललो.

अजून काय आहे हो दोरीवर? पाहा ना, माझ्यासाठी पाहा. कपडे? कसले? लहान — केवढे लहान? तुमच्या रुमालाएवढे? झबली आहेत का ती? किती? चार... पाच. आणि टोपडं. टोपडं दिसतंय तुम्हाला? — अहो मग आजोबा झालो की मी! पाहा, दुर्बीणवाला आजोबा, आणि नातवंडाचं टोपडं परक्या बाईने पाहून सांगायचं. — हे तिने आईसाठी घातलंय ना ओळीने. चार महिने ढगात कुणाला सांगणार? आज पहिला उघडा दिवस, म्हणून आधी आईला. आणि आईने लगेच ‘बरी आहे’ म्हणून सांगितलं, ही इथं कठड्यावर. मी सांगितलं! तोंड न उघडता केवढं खोटं बोललो.

का टाका म्हणाली असेल हो ती? तिला तर कळलं होतं आपण जाणार. मग का? बाळंतिणीला धक्का नको म्हणून? पण तिला कुठं ठाऊक होतं बाळाचं... की मी विचारावं म्हणून? — ‘का गं टाकू चादर?’ एवढंच. एकदा विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं मला. दहादा संधी दिली तिने. मी दहाव्यांदा ओरडलो.

काढून टाकू का? काढली की समजेलच पोरीला. पण कोवळं पोर मांडीवर आणि समोर मोकळा कठडा — असं सांगतात का कुणाला आई गेल्याचं?

काय म्हणालात? कोण आलं बाहेर? हातात आहे का तिच्या ते बाळ? हां. आणि काय करतेय? — हात हलवतेय? नाही हो, आपण कसले दिसतोय तिला एवढ्या लांबून. पिवळं तेवढं दिसतं तिला. आईला हलवतेय ती हात. — बाळाचासुद्धा? बाळाचा हात धरून?

पुरे. सोडा दुर्बीण. सुळका राहिला तुमचा, पुन्हा कधी आलात तर दाखवीन. अकराची गाडी सापडेल मला, वळशाने दोन तास लागतात म्हणे, कधी गेलोच नाही ना. दारातून हाकलेल. हाकलू दे, हक्क आहे तिचा. पण हे तोंडाने जाऊन सांगायला पाहिजे. — अहो नाही, चादरीला हात नका लावू! राहू दे ती तिथंच. मी पोचेपर्यंत तिची आई आहे. — बघताय काय? निघ आता, पोरी — ताई कसली, माझ्या पोरीएवढीच तू. आणि जाताना भिंगावर तेवढी टोपी घाल, धूळ बसते.