रविवारचं पुस्तक

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझे हातपाय खरंच गार पडले होते.

रायपूर राजधानी झाल्यापासून मुलगा-सून दोघंही ऑफिसात अडकलेले, नातीची शाळा माझ्याकडे, वर आमच्या मराठी मंडळाची रुग्णसेवा. वाचायला वेळ कुठला? आणि रविवारी मंडळात मलाच एका पुस्तकावर बोलायचं होतं. पीएच.डी. असूनही चारचौघांत आपलं अज्ञान उघडं पडेल, ही धास्ती माझी जात नाही.

कार्यक्रम ठरवला होता सुधावहिनींनी. त्यांचे यजमान वसंतराव छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात भरती. वहिनी आंघोळीला घरी गेल्या, तेवढ्यात मी पुस्तक घेऊन वसंतरावांच्या उशाशी बसलो. जेमतेम सुरुवात केली, तर वहिनींचा फोन.

"भाऊजी, खरं सांगा. हे वाचणार ना?"

"कठीणच दिसून राहिलं, वहिनी. आता वेळच कुठे उरला?"

फोन बंद. मग माझ्या ध्यानात आलं, वहिनी नवऱ्याला 'हे'च म्हणतात. परत लावला, कोणी उचलेना. सदर बाजारच्या गर्दीतून रडत स्कूटरवर निघाल्या असतील आणि कुठे आदळल्या तर?

वहिनी धापा टाकत आल्या, मागे पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, चार शेजारी. वसंतराव चहा पिऊन राहिले होते.

"काहून रडून राहिली?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या.

"मग कोण नाही वाचणार, भाऊजी?"

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "मी."