मागच्या सीटचं वजन

…आणि वर मलाच म्हणतात, हलू नका! आता तुम्हीच सांगा, भर शोरूममध्ये, काचेतून अख्खा रस्ता बघतोय, त्या अगडबंब मोटरसायकलच्या मागच्या सीटवर मला चढवून बसवलंय, दोन्ही पाय लोंबकळताहेत, खाली आमचे दाजी गुडघे टेकून मागच्या चाकाखाली वजनकाटा सरकवताहेत, आणि मी नुसता श्वास घेतला तरी ओरडतात, "मेहुणे, हलू नका, काटा हलतो!" अहो, जिवंत माणूस आहे मी, श्वास घेणार नाही का? मोटरसायकल घ्यायची दाजींना, मागे बसायचं माझ्या ताईला, फिरायला जायचं त्या दोघांना… ह्यात माझा काही संबंध होता का, सांगा! मी कोण? मी वजन!

हो हो, वजन. थट्टा नाही करत. तुम्हाला सांगतो, आमचे दाजी म्हणजे ताईचे यजमान, जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आले. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले, सगळे. सकाळी स्कूटरच्या मागच्या सीटवर वजनांची पेटी बांधायची आणि निघायचं, ते दिवेलागणीला परत. गावंच्या गावं पालथी घातली, आणि प्रत्येक गावाहून आले की ताईला सांगायचे, "काय रस्ता होता गं, एकदा तुला नेतो." एकदा! एकतीस वर्षं झाली त्या एकदाला. ताई घरात, पेटी सीटवर. मग रिटायर झाले आणि चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं की लांब पल्ल्याची मोठी मोटरसायकल घेणार, डोंगर चढणारी, आणि तुला मागे बसवून त्या तळ्यापर्यंत नेणार. तळं म्हणजे कुठलं, तर ताईच्या कपाटाच्या दाराला आतून एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं आहे, निळंशार पाणी, मागे बर्फाचे डोंगर. जायला-यायला बावीस दिवस! ताई म्हणाली, "आधी गाडी तर ठरवा." झालं! त्या एका वाक्यानं माझं वाटोळं झालं.

कारण गाड्या उरल्या दोन. त्यांची खरी नावं मला आजही धड घेता येत नाहीत, मी शाळेत चित्रकला शिकवतो, मला सायकलचं पंक्चर कळत नाही. ताईनं फोटो बघून बारसं केलं. एक उंट, एक म्हैस. उंट म्हणजे उंचच उंच, अंगानं सडपातळ, साखळीवर पळणारा, बसायला खरं तर शिडीच पाहिजे. म्हैस म्हणजे रुंद, ठेंगणी, इंजिन दोन्ही बाजूंनी पोटासारखं बाहेर आलेलं, साखळीबिखळी काही नाही, जाईल तिथे शांत. दोघांची शोरूमं दोन टोकांना. उंटाचा सेल्समन म्हणजे अंगात आल्यासारखा बोलायचा, "सर! ही गाडी नाही, सर, हे स्वातंत्र्य आहे!" दाजी म्हणाले, "किती किलो?" तो म्हणाला, "सर, स्वातंत्र्याला…" दाजी म्हणाले, "किती किलो?" बिचारा खाली बसला हवा गेल्यासारखा. "दोनशे चाळीस, सर." दाजी माझ्याकडे वळले. "मेहुणे, डिकीतून काटा आणा." माझ्या गाडीची डिकी! पुढचं चाक वेगळं, मागचं चाक वेगळं, बेरीज करून म्हणाले, "दोनशे त्रेचाळीस पाचशे. तुमच्या स्वातंत्र्यात साडेतीन किलोचा फरक आहे." अशा माणसाबरोबर मी दर रविवारी सकाळी अकराला…

पण मी का? तेच तर! म्हणे ह्या गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगा मागे बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावाव्या लागतात, नाहीतर खड्ड्यात कंबर मोडते. आणि ताई बासष्ट किलो. आणि आमच्या सबंध खानदानात बरोब्बर बासष्ट किलोचा दुसरा प्राणी कोण? मी! म्हटलं, दाजी, ताईलाच न्या की, तिची सीट, तिची कंबर. तर म्हणाले, "तिला दगदग नको. ठरत आलं की शेवटी नेऊ." आणि ठरतंय कुठे? एका रविवारी म्हैस पुढे, पुढच्या रविवारी उंट. घरी आले की ताई विचारणार, "काय हो, काय झालं?" आणि हे हात चोळत सांगणार, "काटा मधोमध आहे." अहो, बायको-मुलं घरी जेवायची थांबलेली, मी दोन तास वाळूच्या पोत्यासारखा बसून आलोय, आणि काटा मधोमध! माझा काही संबंध होता का, सांगा!

मग एका रविवारी काय झालं, मी नेहमीप्रमाणे म्हशीवर चढलो, तर दाजी म्हणाले, "मेहुणे, बूट काढा." काढले. "घड्याळ काढा. पाकीट ठेवा. स्वेटर." म्हटलं, दाजी, हे शोरूम आहे, पुढचं काय सांगाल ह्याची मला भीती वाटतेय! तर म्हणाले, "आज तुम्ही चार किलो जास्त आहात. ती अठ्ठावन्न झाली." मी आपला हसलो. म्हटलं, ह्या वयात ताई डाएट करते? वा वा! दाजी हसले नाहीत. काटा उचलला, माझ्या गाडीत येऊन बसले, पट्टा लावला, आणि समोर बघत सांगितलं. पोटातलं दुखणं आहे. डॉक्टरांनी ह्यांना एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं, सहा-सात महिने. "तिला ठाऊक नाही. तिला कळू द्यायचं नाही." माझी मोठी बहीण हो ती, तिनं मला कडेवर घेऊन वाढवलं… मी विचारलं, मग ही गाडी? तर म्हणाले, "गाडी ठरली की ती दारात येणार. दारात आली की तुमची ताई बसायला बघणार. आणि चढता आलं नाही की तिला सगळं कळणार. म्हणून ठरवायचं नाही, मेहुणे. मी म्हैस म्हटलं की तुम्ही उंट म्हणा. मी उंट म्हटलं की…" म्हटलं, कळलं. गाडी चालू केली. दोनदा बंद पडली.

घरी आलो, तर ताईनं मला स्वयंपाकघरात हाक मारली. "बारक्या, ये जेवायला." बारक्या मी! पन्नाशी उलटली तरी बारक्या! स्वतःच्या ताटातलं सगळं माझ्या ताटात सारलं, आणि बाहेरच्या खोलीकडे बघत हळूच म्हणाली, "ऐक. रिपोर्ट वाचलाय मी. मी काय अडाणी आहे? ह्यांना कळू देऊ नकोस मला कळलंय म्हणून." मला ठसका लागला. म्हणाली, "पाणी पी. आणि एक काम कर. हे रविवारी परत आले ना, की दोन-दोन तास बोलतात रे माझ्याशी. चाकं, टाक्या, घाट, कुठे मुक्काम, मला थंडी वाजेल का… एकतीस वर्षांत मिळून एवढे बोलले नव्हते. गाडी ठरली की हे गप्प होणार. तर ते म्हैस म्हणाले की तू उंट म्हण."

आता बोला! दोघांनी मला एकच काम सांगितलं, आणि दोघांनी शपथ घातली की दुसऱ्याला सांगायचं नाही. मी कुणाशी लबाडी करायची? आणि कुणापासून काय लपवायचं? मला स्वतःच्याच घरात हेर असल्यासारखं झालं हो! माझा काही संबंध… जाऊ दे.

पण मी भांडलो. तुम्हाला सांगतो, काय भांडलो! शाळेत मुलं चित्रं रंगवताहेत आणि मी टेबलाखाली मोटरसायकलची पुस्तिका पाठ करतोय. दाजी म्हणायचे, "म्हशीला साखळी नाही, रोज तेल घालायची कटकट नाही." मी उसळून म्हणायचो, "पण उंटाची टाकी तीस लिटरची! तळ्याआधीच्या त्या थंड वाळवंटात पेट्रोल काय तुमची म्हैस देणार आहे?" दाजी, "उंट उभा केला की हिचे पाय पोचत नाहीत." मी, "पाय पोचायचे चालवणाऱ्याचे, मागच्याचे कशाला?" ताई पलंगावर उशीला टेकून, हो, तोवर जेवणाच्या टेबलावरून पलंगावर गेली होती, हसत हसत म्हणायची, "अरे, हळू भांडा, शेजारचे येतील." आणि तिच्या ताटातलं माझ्या ताटात. "खा रे, मला नको." मी मुकाट्यानं खायचो. नको म्हटलं असतं तर दाजींनी ताट भरलेलं बघितलं असतं.

त्रेपन्न. एकोणपन्नास. मी आता काही कामाचा राहिलो नव्हतो. एका रविवारी दाजी म्हणाले, "मेहुणे, तुम्ही नुसते या." आणि डिकीतून ती जुनी पेटी काढली, वजनांची. म्हशीच्या मागच्या सीटवर वीस किलोची दोन वजनं ठेवली, वर दोन-दोनची दोन, आणि दोरीनं घट्ट बांधली. चव्वेचाळीस. मी बाजूला उभा. सुटलो होतो ना मी? किती महिने बोंबलत होतो, मला सोडवा म्हणून! पण त्या सीटकडे मला बघवेना. तो म्हशीचा सेल्समन पोरसवदा नव्हता, चांगला जाणता माणूस, त्यानं काही विचारलं नाही, काही विकायला बघितलं नाही, आतून दोन चहा आणले आणि शोरूमचा टीव्ही बंद केला. दाजी कितीतरी वेळ स्प्रिंगेचा स्क्रू फिरवत बसले. अर्धा आटा इकडे, अर्धा आटा तिकडे. "तिला धक्का बसायला नको," म्हणाले.

गेली ती गुरुवारी. दुपारी. मी शाळेत होतो. धावत गेलो तर दाजी पलंगाशेजारी खुर्चीवर बसलेले, हातात पुस्तिका. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "टायरचं सांगत होतो तिला. अर्धंच झालं." मी तिथेच जमिनीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो, लाज वाटली नाही मला. दाजी रडले नाहीत. त्यांनी पुस्तिकेत बोट तसंच ठेवलं होतं.

माणसं येऊन गेली. घर रिकामं झालं. तिसऱ्या रविवारी बरोबर अकराला दाजी माझ्या दारात! काटा नाही, पेटी नाही, रिकाम्या हातानं. "चला." कुठे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. म्हशीचं शोरूम माझ्या घरापासून जवळ, म्हणून मी तिथे गाडी उभी केली. आत गेलो. सेल्समन उठून उभा राहिला. दाजी म्हणाले, "गाडी द्या." तो म्हणाला, "काका, नक्की ही? की ती दुसरी अजून…" दाजी म्हणाले, "आता कुठलीही चालेल."

कुठलीही! अहो, ज्यानं स्वातंत्र्याचे साडेतीन किलो पकडले, तो माणूस म्हणतो कुठलीही! हेल्मेटांच्या कपाटामागे जाऊन मी डोळे पुसले. सात महिने आम्ही तिघं भांडलो, आणि निकाल कशानं लागला? मी गाडी कुठे लावली त्यानं.

परवा गाडी ताब्यात घ्यायला गेलो. मेकॅनिक कागद घेऊन आला. "काका, स्प्रिंग लावून देतो. तुमचं वजन?" "एकोणऐंशी." "सामान?" "तीस." "आणि मागे कोण बसणार? वजन किती लिहू?"

तो पेन धरून उभा. दाजी सीटकडे बघताहेत आणि तोंडातून आकडा निघत नाहीये. वजन विचारल्यावर ह्या माणसाला उत्तर आलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. मेकॅनिक म्हणाला, "कुणी नसेल तर रिकामं सोडतो." आणि मला ते "रिकामं" असं काही लागलं, की माझ्या तोंडून निघून गेलं, "बासष्ट! लिहा बासष्ट. मी बसणार." अहो, मला शाळेतून बावीस दिवस सुट्टी कोण देणार? घरी कोण सांगणार? घाटात मला चक्कर येते, त्याचं काय?

दाजींनी वळून माझ्याकडे बघितलं. बुटांपासून वर, सावकाश, पोटापाशी थांबून. महिनाभरानं पहिल्यांदा त्या डोळ्यांत जरा जीव आला. मेकॅनिकला म्हणाले, "अडुसष्ट लिहा." म्हटलं, "दाजी, बासष्ट, मी कायमचा…" "अडुसष्ट चारशे." आणि खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाले, "तुमच्या ताटाकडे लक्ष होतं माझं, मेहुणे."

म्हणजे ताईचं खोटं, माझं खोटं, सगळं ठाऊक होतं त्यांना! मेकॅनिकनं अडुसष्ट लिहिलं.

सोमवारी निघतोय. बायको म्हणाली, "बावीस दिवस मागे बसून तुम्ही करणार तरी काय?" म्हटलं, काय करणार… उंट कसा ह्याहून चांगला होता, ते दाजींना सांगत बसणार.