साळूची मूठ

माझं नाव लिहू नका, म्हातारा म्हना, चालंल. मूळ आमचं माढ्याकडलं. दुष्काळात पोटाला मिळंना म्हनून बापानं मिशनची वाट धरली, तितंच ख्रिस्ती झाला, तितंच मी दोन बुकं शिकलो आनि मग सोलापुरात गिरणीत साच्यावर, कापड इनायला लागलो. बायको साळू. तिला उजव्या हाताची करंगळी न्हवती, ल्हानपनी इळ्यानं गेली, पन भाकरी अशी थापायची, काय सांगू तुमाला.

संपात गिरणी बंद पडली तवा सावकाराचं कर्ज काढलं. पुढं पगार झाला की गेटावरच तो व्याज काढून घ्यायचा. साळू म्हनायची, त्यालाच घरी आना की, जेवू बी घालते.

मग आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीत रीत घातली. ते म्हनायचे, पैसा देवाचा, आपन नुसते राखनदार. मंडळीच्या पेटीतनं सावकाराचं देणं फेडायचं, आनि ज्याचं देणं त्यानं रोज भाकरी थापायच्या आधी मूठभर पीठ मडक्यात टाकायचं, रविवारी देवळात आनायचं, ते विकून पेटी भरायची. नवं कर्ज काढायचं न्हाय. हे सगळ्यांम्होरं उभं राहून कबूल करायचं. मला लाज वाटली. साळू उभी राह्यली, म्हनली, हे देणं माझ्या मुठीनं फिटंल.

फिटायच्या आधीच तापानं गेली.

पाळकसाहेब म्हनले, राहू दे बाबा, मंडळी मागत न्हाय. मी चूल बंद केली, खानावळीत जेवायला लागलो, घरात पिठाचा कन न्हवता. रविवारी मडकं परत द्यावं म्हनून उचललं तर जड. आत पीठ, जात्यातनं आत्ताच काढल्यावानी कोमट. वर बोटांच्या खुना, आनि करंगळीची जागा सपाट.

शेजारी नरसव्वा, तेलगू इनकराची बायको. तिला इचारलं, तू टाकलंस का गं. म्हनली, मामा, किल्ली तुमच्या कमरेला, मी काय कौलातनं उतरू. मग मडक्यात डोकावली, पदर डोक्यावर घेतला नि गेली. पुन्हा माझ्या दाराशी आली न्हाय.

मी मडकं नेत राह्यलो. सकाळी घरात पिठाचा वास यायचा, मला बरं वाटायचं. भ्या वाटलं ते पाळकसाहेब म्हनले तवा, की येत्या रविवारी फिटतंय. फिटलं म्हंजे ती यायची थांबनार.

शनवारी पगार झाला. गेटावर सावकार म्हनला, काय म्हाताऱ्या, आटवन आली व्हय. मनात आलं, लई मोठं कर्ज काढावं, माझ्या मरनापातुर फिटू नये असं. कागद म्होरं आला, टाक हातात घेतला. तवा ध्यानात आलं, ही मेल्यावर बी जातं ओढतीया, माझ्या देण्यासाठी. मातीत ठेवली ती विसाव्याला, आनि मी तिला पुन्हा कामाला जुंपतोय. टाक खाली ठेवला. सावकार मागनं कायतरी बोलला, मी वळून बघितलं न्हाय.

रविवारी देणं फिटलं. सोमवारी उटलो तर मडकं धुवून पालथं घातलेलं. मी शिवलो न्हवतो. बुड अजून ओलं हुतं.

आता चूल मीच पेटवतो, भाकरी करपती. घरात कशाचा आवाज न्हाय, वास न्हाय. तिला झोप लागली असंल. लागू द्या. देव तुमचं बरं करो, आनि जाताना दार जरा हळू लावा.