पोरीचं खोटं नाव

वडनेरच्या मंडळींनो, मायबहिणीहो, राम राम, सलाम. मी जानेफळचा. तुमच्यातलं कोणी मले ओळखत नाही. तरी बोलाले उभा राह्यलो. काऊन की जिच्यासाठी आपण जमलो, तिच्यावर सगळ्यात जास्त शक मीच घेतला. तेवढं सांगतो अन् खाली बसतो.

पाच-सहा वर्षं झाली. माझी नात तवा दीड वर्षाची. मानेवर गाठ. मेहकरचे डॉक्टर म्हणे, कर्करोग हाये, नागपूरले न्या, किरणांचा शेक द्या लागते. सरकारी कागदावर वऱ्हाड-नागपूर एक असन, आमच्यासाठी परमुलूखच. सून, नात अन् मी, तिघं महिनोन्महिने त्या दवाखान्यात राह्यलो.

आमच्या घरची रीत, दुखणेकरी लेकराचं नाव परक्याले सांगू नये. मी सुनेले बजावलं, इथं पोरीले नावानं हाक मारायची नाही. वार्डातली आयाबाई आली. म्हणली, ‘बाबा, नाव काय हो हिचं?’ मी म्हणलं, ‘धोंडी.’ धडधडीत खोटं! कागदावरही तेच लिहवलं.

अन् पोरीले खाटेखाली उतरू देत नव्हतो. झालं काय, चालती पोरगी चालणं विसरली. ‘बाबा’ म्हणे, तेही बंद. मी म्हणलं, दुखण्यानं झालं.

आयाबाई रोज यायची. पोरीले खाली गोधडीवर सोडायची. मलमाच्या रिकाम्या डब्या रचायले द्यायची. पदराआड तोंड लपवून ‘कुक’ करायची. मी कोपऱ्यातून पाहत बसो. हिचं काम झाडलोटीचं, मंग हे काऊन करते? हिले काय पडलं? तुम्हीच सांगा, परक्याच्या पोरीसाठी कोण करते एवढं?

एक दिवस तिच्या पिशवीत चिंध्यांची बाहुली दिसली. बाहुलीच्या मानेवर निळी खूण. डॉक्टरनं शेकासाठी माझ्या नातीच्या मानेवर काढली होती तशीच, त्याच जागी! मी तिचं मनगट धरलं. ‘करणी करतं माझ्या पोरीवर?’ सारा वार्ड जमला.

ती म्हणली, ‘बाबा, मशीनखाली लेकराले एकटं निजा लागते. दार लावून घेतात. आम्ही आधी बाहुलीले निजवतो, मंग धोंडी निजते. म्हणून आजकाल रडत नाही. पाह्यलं नाही तुम्ही?’

पाह्यलं होतं. मले वाटलं होतं, हिनं अफू चारली.

‘गाठ डॉक्टर पाह्यतात,’ ती म्हणली, ‘लेकराले कोण पाहीन?’

मी मनगट सोडलं. शक नाही सोडला.

निघायच्या दिवशी पोरगी स्वतःच्या पायानं दारापर्यंत चालली. आयाबाई वाकली अन् तिच्या कानात काही पुटपुटली. मी म्हणलं, जाता जाता मंतर घातला! रस्ताभर पोरीच्या अंगावर ताईत शोधत राह्यलो.

जानेफळले मोटारीतून उतरलो. माझी बायको दारातूनच ओरडली, ‘यमुने!’ इतके महिने त्या नावानं कोणी हाकच मारली नव्हती. विसरली असन पोरगी. पण ती वळली, हसली, ‘आजी’ म्हणली.

बारशाले आत्या कानात नाव सांगते ना? तेच केलं होतं त्या आयाबाईनं. अन् एका दिवसात नाही, माझ्या पाठीमागं रोज. खरं नाव सुनेनंच सांगितलं असन, हा शक मले अजून हाये. इचारलं नाही मी. इचारणारही नाही.

ही यमुना समोर बसली हाये, तीच बाहुली मांडीवर घेऊन; सुनेनं तवा माझ्यापासून लपवून आणली होती. मी पोरीचं नाव लपवलं ते लपवलं, पण त्या बाईचं नाव मी कधी इचारलंच नाही हो. वडनेरची ती आयाबाई गेली, एवढंच सुनेले कळलं होतं; नाव आज इथं आलो तवा तुमच्या तोंडून ऐकलं.

मंडळी, दोन मिनिटं गप्प उभं राहू. पण त्याच्या आधी एक डाव मले हाक मारू द्या.

सकीनाबी! चुकलो, माय.

उभे राहा आता.