साळूबाईनं गाळलेलं पानी

...आन् परका असता तर साळूबाईनं दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं, पन कुमार तिच्या सख्ख्या भावाचा पोरगा, आपला मानूस, काय बोलायचं सांगा! तुमाला सांगते, उत्रोलीत साळूबाईच्या खाचराला लागून वढा, आन् वरच्या अंगाला कापड रंगवायची शेड. आज वढा लाल, उद्या हिरवा... म्हशीनं तोंड लावायचं सोडलं, भाताची रोपं पिवळी पडली, तवा म्हातारीनं तालुक्याला अर्ज ठोकला. आन् कुमार कामाला कुठं? त्याच शेडवर. पन आपला मानूस, काय बोलायचं!

तिची नात रश्मी भोरला कालेजात शिकती. ती म्हनली, "आजी, भाताचं तूस जाळून कोळसा कर, धू, आन् त्यातनं पानी गाळ. रंग कोळशाला चिकटतो." झालं. साळूबाई तूस भाजतीया, तोंड काळं, लुगडं काळं, पयल्या खेपंला पानी बी काळंच... पन चौथ्या दिशी कोळशावर वढ्याचं लाल पानी वतलं आन् खाली बाटलीत पडलं कसं? नितळ. सगळ्या आळीला दावून आली.

तवर तपासनीचे सायेब शेडवर आले. लगोलग कुमार साळूबाईच्या दारात, लोन्यावानी बोलतोय, "आत्या, दे ती बाटली. सायबांना दावतो, शेटला बी तूस वापराय लावतो." भाच्याला न्हाई कसं म्हनायचं? पदरानं पुसून दिली की हो तिनं. आपला मानूस, काय बोलायचं!

पंधरा दिसांनी कागद आला. रश्मीनं वाचला, 'ओढ्याच्या पाण्याचा नमुना रंगहीन आढळला. तक्रार निकाली.' साळूबाई म्हनली, "परत वाच." परत वाचलं, तेच. तशी उठली ती तडक शेडवर. "कुमार, वढ्याचं म्हनून माझी बाटली दिलीस व्हय रं?"

तर हा मान खाली घालून म्हनतो काय, "आत्या, म्या खोटं कुठं बोललो? पानी वढ्याचंच व्हतं की."

त्याची आई गेल्यावर ह्याच बाईनं त्याला घास भरवून वाढवलेला... म्होरं वढा निळाशार वाहत हुता. साळूबाईनं तिकडं बोट केलं आन् म्हनली, "तुझ्या शेटला सांग, उद्या कंचा रंग सोडनार ते आदल्या सांजंला कळवत जा. त्या रंगाचं लुगडं तरी धुवाय काढीन."