टिकलीखालचा डाग

आमच्या सासूबाई काय चीज आहेत ते ऐका. माझ्या कपाळावर, नेमका टिकलीखाली, पांढरा डाग उठला. कोडच असणार, असं मी धरूनच चालले. मुलीचं लग्न ठरायचं होतं, म्हणून मोठी टिकली लावून झाकला. डाग वाढला. आणखी मोठी आणली, तरी तो बाहेर डोकावलाच.

सासूबाईंच्या नजरेतून काय सुटतंय! हाताला धरून मला आबिड्सच्या बाजारात कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी टिकली काढायला लावली आणि हसल्याच.

"अम्मा, ये टिकली के गोंद से हुआ. आप बड़ी लगाते गए, दाग बड़ा होता गया. अब माथे पे कुछ नक्को लगाओ. रंग आहिस्ता आहिस्ता वापस आता."

कोड नाही म्हणून जीव भांड्यात पडला, पण संध्याकाळी मुलीला बघायला पाहुणे यायचे होते.

"आई, रिकाम्या कपाळानं त्यांच्यासमोर कशी बसू?" मी सासूबाईंना म्हटलं.

सासूबाई पोहे करायला आत गेल्या. आंघोळ झाल्यावर देवाआधी टिकली लावणारी ही बाई.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं माझ्याकडे आणि सासूबाईंकडे पाहिलं आणि दचकून विचारलं, "हे काय, दोघींनीही टिकली लावली नाही?"

"दोघींचं डॉक्टरांचं पथ्य चालू आहे," सासूबाई म्हणाल्या. "पोहे घ्या."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांचं उघडं कपाळ पहिल्यांदाच पाहत होते. त्यावर एक ठिपकासुद्धा नव्हता.